आजी रोवनीले गेली : पहिलीचं मूल वाचायला-लिहायला कसं शिकतं

विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. गोंदिया जिल्ह्यात हे दिवस धानाचे पऱ्हे (रोपं) टाकायचे, आणि त्यापाठोपाठ रोवणीचे, म्हणजे लावणीचे. दवनीवाडा आणि आसपासच्या गावांतलं सहा वर्षांचं मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसतं, तेव्हा पऱ्हे, बांधी, बोडी, बकरी, सारस, मंडई, दंडार असे कितीतरी शब्द त्याला येत असतात. वाक्यं ते बिनचूक जोडतं. तक्रार करतं, गोष्ट सांगतं, कारणं देतं. म्हणजे भाषा त्याच्याकडे आहे. एकच गोष्ट त्याला ठाऊक नसते : आपण जे बोलतो त्याचे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांना खुणा असतात.

प्राथमिक शाळेतलं वाचन-लेखन शिकवणं म्हणजे ही गोष्ट मुलाला उलगडून दाखवणं. तिला दोन बाजू आहेत. खुणा आणि आवाज यांची सांगड ही एक बाजू, आणि त्यातून निघणारा अर्थ ही दुसरी. पुष्कळ वर्गांत पहिलं वर्षभर अक्षरं गिरवून घेतात आणि अर्थ पुढच्या वर्षावर टाकतात. काही ठिकाणी याच्या उलट चालतं : चित्रं आणि गाणी भरपूर, पण अक्षरांची सांगड कुणीच नीट घालून देत नाही. माझं म्हणणं असं की अक्षर आणि अर्थ एकाच दिवशी, एकाच तासाला मुलाच्या हाती पडायला हवेत. ते कसं जमतं हे पायरीपायरीने पाहू.

आधी लिपीकडे बघू. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत ५२ वर्ण धरले आहेत : १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजनं, आणि क्ष, ज्ञ ही दोन. बावन्न हा आकडा मोठा वाटत नाही. पण मूल जे वाचतं ते सुटे वर्ण नसतात, मात्रा लागलेली अक्षरं असतात. ३४ व्यंजनांची बाराखडीतली बारा-बारा रूपं धरली तर ४०८ होतात. जोडाक्षरं आणखी वेगळी. हे सगळं एका वर्षात पाठ करून घेणं शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. प्रत्येक मात्रा एकाच रीतीने काम करते. ‘का’ आणि ‘मा’ यांत काना तोच आहे हे ज्या मुलाच्या लक्षात आलं, त्याला ‘ना’ शिकवावा लागत नाही. बाराखडीचा तक्ता ही रीत दाखवण्यासाठी आहे. ‘क का कि की’ एका सुरात म्हणत गेलं की मुलाला सूर पाठ होतो, आणि मधलंच ‘कु’ विचारलं तर ते पुन्हा ‘क’पासून सुरुवात करतं. हे ज्याने वर्गात पाहिलं आहे त्याला अधिक सांगायला नको.

मग सुरुवात कुठून करायची? क, ख, ग, घ हा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे, आणि व्याकरणाच्या दृष्टीने तो सुंदर आहे. पण त्यातल्या पहिल्या पाच-सहा अक्षरांतून मुलाला वाचावेसे वाटतील असे शब्द फारसे तयार होत नाहीत. ‘ग म भ न’ हा क्रम वळणाच्या सोयीचा. हात बसायला तो चांगला, पण म आणि भ ही दिसायला जवळची अक्षरं त्यात लागून येतात. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत वाचन शिकवताना अक्षरांचे छोटे गट करण्यावर भर दिला. थोडी अक्षरं, त्यांच्याबरोबर लगेच मात्रा, आणि त्यांतून पहिल्या आठवड्यांपासूनच खरे शब्द. मूळच्या अमेरिकन असलेल्या या बाईंनी फलटणच्या मराठी बोलीवर भाषाशास्त्राचा अभ्यास केला होता, त्यामुळे अक्षरामागचा आवाज त्यांना नेमका ऐकू येत असे.

दवनीवाड्याच्या वर्गासाठी असा गट आपण करून पाहू. न, म, क, र, ब ही पाच अक्षरं आणि काना. एवढ्यातून मामा, काका, नाना, बाबा, कान, नाक, मान, काम, मका, बारा, बकरा हे शब्द तयार होतात. ‘काका, काम करा’ हे आख्खं वाक्यही होतं. पुढच्या गटात प, त, ल, व आणि दुसरी वेलांटी घेतली की मामी, काकी, बकरी, माती, नाला, तलाव, वावर. आता ‘बकरी वावरात’ आणि ‘काकी तलावावर’ ही वाक्यं फळ्यावर येतात. ती वाचून मूल थांबत नाही. बकरी वावरात शिरली म्हणजे काय होणार हे त्याला माहीत असतं, आणि ते आपण होऊन सांगायला लागतं. अक्षर आणि अर्थ एकाच तासाला म्हणतात ते हे.

गट करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दिसायला सारखी अक्षरं एकाच गटात घालू नयेत. ध-घ, म-भ, थ-य, द-ड या जोड्या मुलांना फसवतात. वरच्या मांडणीत ब पहिल्या गटात आणि व दुसऱ्या गटात आहे, आणि ते मुद्दाम आहे. ब पक्का झाला की मगच व आणायचा, आणि आणला की दोन्ही शेजारी ठेवून पोटातली तिरपी रेघ बोटाने दाखवायची. दुसरं, पहिल्या गटात लांबवता येणाऱ्या आवाजांची अक्षरं हवीत. म, न, र, ल, स हे आवाज मूल ओठांवर-जिभेवर धरून ठेवू शकतं. क, ब, त, प लगेच सुटतात. ‘माऽऽम्ऽऽ’ असं लांबवलं की पुढचं अक्षर जोडणं सोपं जातं. आणि तिसरं, नेहमीचा उपयोगी शब्द त्या गटातून निघायला हवा, नाहीतर मुलं ‘नमर’, ‘बकम’ असे निरर्थक जुडगे वाचत बसतात आणि वाचन म्हणजे एवढंच अशी त्यांची समजूत होते.

आता एक बारीक अडचण. शिक्षणाच्या पुस्तकांत तिचा फारसा उल्लेख नसतो, वर्गात मात्र ती रोज भेटते. शब्दांचे ठोके ओळखायला टाळ्या वाजवायचा खेळ सगळेच शिक्षक घेतात. ‘मामा’ला दोन टाळ्या, आणि लिहायलाही दोन अक्षरं. ‘काका’चंही तसंच. पण ‘कान’ म्हणताना टाळी एकच पडते आणि अक्षरं दोन असतात. ‘वावर’ला टाळ्या दोन : वा-वर. अक्षरं तीन. ‘बकरी’चंही तेच : बक-री. कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा, आणि पुष्कळदा मधलाही, ‘अ’ आपण उच्चारत नाही, पण अक्षर मात्र पूर्ण लिहितो. मूल ‘ब…क…री’ असं सुटं वाचतं, प्रत्येक अक्षरामागे ‘अ’ लावतं, आणि जे ऐकू येतं तो त्याच्या ओळखीचा शब्द नसतो. अशा वेळी काही शिक्षक ‘पुन्हा वाच’ म्हणतात. मूल पुन्हा तसंच वाचतं. त्याला सांगायला हवं की आता भरभर म्हण, आणि हा कुठला शब्द ते ऐक. शिक्षकाने स्वतः अक्षरांखालून बोट सरकवत ‘ब-क-री… बकरी’ असं दोनदा करून दाखवलं की तिसऱ्यांदा मूल करतं. म्हणून पहिले काही दिवस टाळ्या आणि अक्षरं जुळणारे शब्द घ्यावेत : मामा, काका, नाना, काकी. मग कान, नाक. मग तलाव, वावर.

गावाचं नावच यासाठी चांगला धडा आहे. दवनीवाडा. एकही जोडाक्षर नाही, मात्रा दोनच : काना आणि दुसरी वेलांटी. टाळ्या चार, दव-नी-वा-डा, आणि अक्षरं पाच. हे नाव मुलं एसटीच्या पाटीवर, दुकानाच्या फलकावर, शाळेच्या दारावर रोज बघतात. द आणि ड दिसायला जवळचे असल्यामुळे द आधी पक्का करावा. आठ-दहा अक्षरं आलेल्या मुलाला हे नाव पूर्ण वाचता येतं, आणि त्या दिवशी ते दिसेल ती पाटी वाचायला लागतं. शिक्षकाने या संधीची वाट बघत असावं.

काना आणि दुसरी वेलांटी आधी, पहिली वेलांटी नंतर. याला कारण आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखन-नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहितात. त्यामुळे मुलाच्या तोंडचे कितीतरी शब्द, मामी, काकी, बकरी, माती, हे दुसऱ्या वेलांटीचेच. (‘आणि’ हा अपवाद मात्र लवकर समोर येतो. तो आख्खा ओळखायला शिकवावा, नियम सांगत बसू नये.) शिवाय पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. ‘शनिवार’ या शब्दात वेलांटीचा दांडा श आणि न यांच्या मधे उभा असतो, आणि मूल तो मागच्या श ला लावून ‘शिनवार’ वाचतं. ‘कविता’चं ‘किवता’ होतं ते याचमुळे. अशा मुलाला डोळ्यांचा काही त्रास नसतो, बुद्धीचाही नसतो. दांड्यावरून निघालेली कमान कुठल्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन टेकते ते त्याने बोटाने काढून पाहावं. आठवडाभर हे केलं की चूक सहसा थांबते.

घरची बोली

गोंदिया जिल्हा हा झाडीपट्टीचा भाग, उत्तरेला मध्य प्रदेशाचा बालाघाट आणि पूर्वेला छत्तीसगड. घराघरांत झाडीबोली, पोवारी आणि हिंदी बोलली जाते, आणि देवरी-सालेकसा भागात गोंडीही. पहिलीच्या एका वर्गात तीन बोली सहज असतात. पुस्तकातली प्रमाण मराठी यांतल्या बऱ्याच मुलांसाठी शाळेत पहिल्यांदा भेटणारी भाषा आहे.

याचा वाचनावर परिणाम नेमका कुठे होतो? झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ हे आवाज नाहीत. त्यांच्या जागी न, र किंवा ल, आणि स येतात. पाणी ते पानी, डोळा तो डोरा. पोवारी घरात ‘माझं’ला ‘मोरो’ म्हणतात. आता फळ्यावर ‘पाणी’ लिहिलं आहे आणि मूल ‘पानी’ वाचतं. हे चुकलं का? माझ्या मते मुळीच नाही. त्याने अक्षरं ओळखली, जोडली, शब्द गाठला, अर्थही गाठला, आणि आपल्या जिभेने म्हणून दाखवला. वाचनाचं सगळं काम झालेलं आहे. उलट ‘पाणी’चं ‘पीना’ वाचलं तर ते चुकलं. चाचणी घेताना हा फरक करायलाच हवा, नाहीतर ज्या मुलाला वाचता येतं त्याच्यापुढे ‘येत नाही’ अशी नोंद होते, आणि त्याला कळत नाही की आपलं काय चुकलं.

म्हणून वर मांडलेल्या दोन्ही गटांत ण, ळ, श ही अक्षरं ठेवलेली नाहीत. पहिले एक-दोन महिने मुलाच्या तोंडी असलेल्याच आवाजांची अक्षरं पुरे. ती पक्की झाली की ण आणि ळ नवीन आवाज म्हणून कानाने शिकवायचे. मन आणि मण, माल आणि माळ अशा जोड्या शिक्षकाने म्हणाव्यात आणि मुलांनी ‘सारखे की वेगळे’ ते हात वर करून सांगावं. आधी कान, मग जीभ, आणि अक्षर सर्वांत शेवटी. वाचनाच्या तासाला उच्चार सुधारू नयेत. मूल शब्द जोडण्यात गुंतलेलं असताना मधेच ‘पानी नाही, पाणी’ म्हटलं की जोडत आणलेला धागा तुटतो.

घरच्या बोलीचा सर्वांत चांगला उपयोग फळ्यावर होतो. रोज सकाळी दहा मिनिटं एका मुलाने काल काय झालं ते सांगायचं, आणि मॅडमनी ते फळ्यावर लिहायचं. समजा जुलै चालू आहे. एक मुलगी म्हणते, ‘आजी रोवनीले गेली.’ मॅडम तेच लिहितात, एक अक्षर न बदलता. सगळा वर्ग ते वाचतो. वाचता येतंच, कारण वाक्य आत्ताच ऐकलेलं आहे. मुलं अक्षरं शोधतात : ‘गेली’तला ली दिसतो, ‘आजी’तली जी दिसते. आपण बोललो ते फळ्यावर उमटलं आणि सगळ्यांनी ते वाचलं, यात त्या मुलीला जे मिळतं ते पुस्तकातल्या पहिल्या धड्यातून मिळणार नाही. काही महिन्यांनी, अक्षरं पुरेशी झाल्यावर, त्याच वाक्याखाली दुसरं वाक्य येतं : ‘आजी रोवणीला गेली.’ मॅडम विचारतात, ‘काय बदललं?’ मुलं शोधतात. नी च्या जागी णी आला. ले च्या जागी ला आला. पहिलं आपण घरी म्हणतो, दुसरं पुस्तकात असतं, एवढं सांगितलं की पुरे. दोन्ही वाक्यं फळ्यावरच राहतात, पहिलं पुसायचं नाही.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी हाच रस्ता धरला होता. छापील पुस्तकातल्या परक्या शब्दांत ती मुलं रमत नव्हती, म्हणून त्या प्रत्येक मुलाला ‘तुला कुठला शब्द हवा?’ असं विचारत आणि तो कार्डावर लिहून देत. या कामाबद्दलचं त्यांचं पुस्तक १९६३ साली आलं. भीतीचे, मायेचे, भांडणाचे शब्द मुलांच्या एका नजरेत लक्षात राहतात, असा त्यांचा अनुभव होता. आपल्याकडे पहिलीतला मुलगा ‘ट्रॅक्टर’ हा शब्द मागतो. ट्र, ॲ आणि क्ट असं सगळं अवघड त्यात एकत्र आहे. द्यावा. तो शब्द चित्रासारखा ओळखेल, आणि जोडाक्षरं शिकायची वेळ आली की त्याच्याकडे एक ओळखीचा शब्द तयार असेल. दुसरीत र ची चार रूपं शिकवायची असतात : चक्र, ट्रक, धर्म आणि चौथं पऱ्हे. हा चौथा शब्द पुण्याच्या मुलाला शब्दकोशात शोधावा लागेल, दवनीवाड्याच्या मुलाच्या तो पायाखालचा आहे.

लिहिणं

लेखन म्हणजे वळण, असं आपल्याकडे फार काळ मानलं गेलं. धूळपाटीवर अक्षरं गिरवण्याच्या काळापासून ही समजूत आलेली आहे. वळण हवंच. बोटांना सवय होईपर्यंत मूल कष्टाने लिहितं, आणि सगळं लक्ष आकारात गेलं की सांगायला काही उरत नाही. म्हणून ग, म, भ, न या वळणांचा सराव रोज थोडा वेळ, दुरेघी वहीत किंवा जमिनीवर खडूने, वेगळा घ्यावा. अक्षर डावीकडून काढायचं, दांडा वरून खाली, शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर. पण याला लेखनाचा तास म्हणू नये. फळ्यावरचा धडा वहीत उतरवणं हेही लेखन नव्हे. पुष्कळ मुलं एक शब्द न वाचता पानभर सुंदर अक्षरात उतरवतात. महाराष्ट्रातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर भागात २०११ पासून काही वर्षं पहिली ते तिसरीच्या मुलांचा मागोवा घेणारा एक अभ्यास झाला. वर्गातला फार मोठा वेळ उतरवून काढण्यात आणि सामूहिक घोकण्यात जातो, आणि गोष्ट वाचून दाखवणं किंवा मुलांनी स्वतःचं काही लिहिणं क्वचितच घडतं, असंच चित्र त्यातही दिसलं.

खरं लेखन पहिलीच्या दिवाळीपूर्वी सुरू होऊ शकतं. आपण काढलेल्या चित्राखाली एक शब्द. मग एक ओळ. मूल ‘शाळा’ हा शब्द ‘साला’ किंवा ‘सारा’ लिहील. त्याने आपल्या कानाला ऐकू आलेला आवाज बरोबर पकडला आहे, आणि हीच त्या वयातली मोठी प्रगती आहे. शिक्षकाने आधी ते वाचावं, मजकुरावर बोलावं (‘शाळेत कोण कोण होतं?’), आणि एखादीच दुरुस्ती सुचवावी. लाल पेनाने पंधरा खुणा केलेली वही मूल पुढच्या वेळी दोनच शब्दांनी भरतं, कारण दोन शब्दांत चुकायला जागा कमी असते.

तिसरी-चौथीत याचं रूप मोठं होतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य होतं. या विषयावर निबंध सांगितला तर ‘आमच्या गावात मंडई भरते. मंडई मला फार आवडते’ अशा ठरावीक ओळी येतात. त्याऐवजी आधी बोलू द्यावं. कुणी काय खाल्लं, कोण हरवलं, दंडारीत कुणाचं काम भावलं. मग प्रत्येकाने एकच प्रसंग निवडायचा आणि त्यातले चार शब्द टिपायचे. मग लिहायचं. लिहिलेलं शेजारच्याला वाचून दाखवायचं, आणि शेजारच्याने एकच प्रश्न विचारायचा : ‘मग पुढे काय झालं?’ त्याचं उत्तर मजकुरात घालायचं. शुद्धलेखनाकडे यानंतर वळायचं, कारण आता मजकूर तयार आहे आणि तो दुसऱ्याने वाचावा अशी मुलाची इच्छा आहे. वर्गाची भिंत-पत्रिका असेल तर ती इच्छा आणखी वाढते. महाराष्ट्रात सारस पक्षी प्रामुख्याने गोंदिया-भंडारा भागातच दिसतो, आणि तो धानाच्या बांधीत घरटं करतो. ज्या मुलाच्या शेताजवळ जोडी दिसते, त्याने आठवड्याच्या नोंदी लिहिल्या तर परिसर अभ्यास आणि भाषा असे दोन्ही विषय एकाच वहीत होतात.

एका वर्गात अनेक पातळ्या

छोट्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक आणि चार इयत्ता हे नेहमीचं चित्र. चौथीत बसलेलं एखादं मूल अजून अक्षरावर अडखळतं, तर दुसरीतलं एखादं गोष्ट वाचतं. यासाठी ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीतली साधी चाचणी उपयोगी पडते. २००५ पासून ही पाहणी होते. मुलाला एकट्याने जवळ बसवायचं. आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद द्यायचा. तो वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही वाचला तर सुटे शब्द, तेही नाही जमले तर सुटी अक्षरं. पाच पातळ्या होतात : प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. रोजचा एखादा तास इयत्ता बाजूला ठेवून या पातळ्यांप्रमाणे गट करायचे, आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तपासून मुलांना पुढच्या गटात हलवायचं. हलवायचं हे महत्त्वाचं. गट एकदा करून वर्षभर तसेच ठेवले तर खालच्या गटातलं मूल ‘आपण कच्चे’ हेच शिकतं.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’मध्ये तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असं उद्दिष्ट आहे, दुसरीला ४५ ते ६०. वेगाचा आग्रह कशासाठी, असं पालक विचारतात. कारण असं की वाचताना मनात एका वेळी थोडंच मावतं. अक्षर-अक्षर जुळवत मूल वाक्याच्या शेवटी पोचतं तोवर वाक्याची सुरुवात निसटलेली असते. अक्षरं आपोआप ओळखता यायला लागली की मन अर्थासाठी मोकळं होतं. वेगाचं काम एवढंच. घड्याळ लावून धावत वाचणारं आणि शेवटी ‘गोष्टीत कोण होतं?’ याला उत्तर नसलेलं मूल त्या उद्दिष्टाला पोचलेलं नाही. ‘अर्थासह’ हा त्यातला शब्द वगळता येत नाही.

वेग येतो तो एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यातून आणि आवडीचं पुष्कळ वाचण्यातून. त्यासाठी पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशी दोरीवर टांगलेली हवीत. कुलूपबंद कपाटातली पुस्तकं नवी राहतात, बाकी काही होत नाही. आणि रोज, खरोखरच रोज, शिक्षकाने दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवावी. अजून अक्षरंही न येणाऱ्या मुलांना याची सर्वांत जास्त गरज असते. लिखित मराठी कशी ऐकू येते, वाक्य कुठे थांबतं, पात्र बोलतं तेव्हा आवाज कसा बदलतो, हे त्यांना इथेच कळतं. मधे थांबून ‘आता काय होईल?’ असं विचारावं. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं मूल मजकुरातून ओळ उचलून देऊ शकतं. पुढे काय होईल याचं उत्तर उचलता येत नाही, ते विचार करूनच द्यावं लागतं.

राहिला तो चौथीतला, अजून अक्षरावर अडकलेला मुलगा. त्याला पहिलीचं पुस्तक देऊ नये. दहा वर्षांच्या मुलाला त्याची लाज वाटते आणि ते दप्तरात लपवून ठेवतं. त्याच्याकडून ट्रॅक्टरबद्दल, मासे धरण्याबद्दल, रोवणीच्या मजुरीबद्दल चार वाक्यं सांगून घ्यावीत, ती मोठ्या अक्षरात लिहावीत आणि तेच त्याचं पाठ्यपुस्तक करावं. त्यातूनच अक्षरं काढायची, त्याच अक्षरांचे नवे शब्द करायचे, रोज अर्धा तास, एकट्याने किंवा दोघांच्या गटात. मोठ्या मुलाजवळ शब्दसंपत्ती जास्त असते, त्यामुळे सांगड एकदा लागली की लहानांपेक्षा तो भराभर पुढे जातो. रोवणीच्या दिवसांत असा मुलगा आठवडा-आठवडा गैरहजर राहतो. तो परत येईल त्या दिवशी त्याच्यासाठी ती चार वाक्यं वहीत तयार हवीत, आणि वर्ग पुढे कितीही गेला असला तरी त्याने आपल्या जागेवरूनच पुढे सुरू करावं.